साठच्या दशकातला ब्रिटिश विनोदी सिनेमा आज बघताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चित्रपट मी लोकांच्या गळ्यात मारत असतो, त्यामुळे तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. मतं सगळी माझी. पटली नाहीत तर आधी चित्रपट बघा आणि मग भांडायला या.

सुरुवात कोणत्या चित्रपटाने करू?

'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' (१९६०). कारण तो तुम्ही जवळजवळ पाहिलेलाच आहे. बासू चटर्जींचा 'छोटी सी बात' बेतलेला आहे तो याच्यावर. बुजरा नायक, त्याच्या डोळ्यांदेखत मुलीला पटवू बघणारा चलाख प्रतिस्पर्धी, आणि समोरच्यावर कुरघोडी कशी करावी याचे रीतसर वर्ग घेणारा एक वयस्क गुरू. अमोल पालेकर खंडाळ्याला कर्नलसाहेबांकडे जातो, इथे हेन्री पालफ्री येओव्हिल नावाच्या गावी जातो. अशोक कुमारच्या जागी ॲलस्टेअर सिम, असरानीच्या जागी टेरी-थॉमस.

यातला टेनिसचा सामना नीट बघा. हिंदीत त्याचं टेबल टेनिस झालं. पालफ्री धावतोय, धडपडतोय, एकेक पॉइंट घालवतोय, आणि मुलगी समोर बसून हे सगळं बघतेय. प्रत्येक पॉइंटनंतर पलीकडून टेरी-थॉमस समोरच्या दोन दातांमधली ती जगप्रसिद्ध फट दाखवत म्हणतो, 'हार्ड चीज!' शब्द सांत्वनाचे, सूर जखमेवर मीठ चोळण्याचा. खेळ म्हणाल तर त्यात विनोदी असं काहीच नाही. सभ्यतेचा एकही नियम न मोडता माणसाचा पुरता पाणउतारा करता येतो, हसू येतं ते याचं.

बासूदांनी एक गोष्ट मात्र बदलली. त्यांचा अरुण साधा नोकरदार, बसस्टॉपवर रांगेत उभा राहणारा. पालफ्री हा वाडवडिलांच्या कंपनीचा मालक आहे. तरी त्याचाच कारकून त्याला हिंग लावून विचारत नाही आणि रेस्टॉरंटातला हेडवेटर त्याला दारातच लटकवून ठेवतो. म्हणजे मूळ गोष्ट प्रेमाची कमी आणि पायरीची जास्त आहे. पुढच्या सगळ्या चित्रपटांसाठी हे एवढं लक्षात ठेवा : कोण कोणाला 'सर' म्हणतोय, आणि म्हणताना त्याचा चेहरा काय करतोय. या दशकातला निम्मा विनोद तिथे आहे. साहेब, हेडक्लार्क आणि शिपाई यांच्यातली हवा ज्याने सरकारी कचेरीत अनुभवली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

साठचं दशक म्हणजे नेमकं कधीपासून कधीपर्यंत? ईलिंगचे चित्रपट यात येतात का?

नाही. ईलिंग या लंडनमधल्या स्टुडिओचे गाजलेले विनोदी चित्रपट त्याआधीचे : 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' १९४९चा, 'द लेडीकिलर्स' १९५५चा. त्याच १९५५ साली ईलिंगचा स्टुडिओ बीबीसीला विकला गेला. दुवा आहे तो माणसांचा : 'काइंड हार्ट्स'चा दिग्दर्शक रॉबर्ट हेमर यानेच 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' केला आणि दिग्दर्शक म्हणून तो त्याचा शेवटचा ठरला. मी माझ्यापुरतं १९५९च्या 'आय ॲम ऑल राइट जॅक'पासून १९६९च्या 'द इटालियन जॉब'पर्यंत धरतो. कॅलेंडरवाल्यांनी रागावू नये.

'कॅरी ऑन' ही काय भानगड आहे? इतके चित्रपट कशाला काढले?

चालले म्हणून काढले. निर्माता पीटर रॉजर्स, दिग्दर्शक जेराल्ड थॉमस, मुक्काम लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ. १९५८च्या 'कॅरी ऑन सार्जंट'पासून १९७८पर्यंत तीस चित्रपट, आणि १९९२ साली आणखी एक, जो झाला नसता तरी चाललं असतं. कथा एकमेकींशी जोडलेल्या नाहीत. जोडलेली आहे ती मंडळी : सिड जेम्स, केनेथ विल्यम्स, चार्ल्स हॉट्री, जोन सिम्स, हॅटी जॅक्स, केनेथ कॉनर, पुढे बार्बरा विंडसर आणि बर्नार्ड ब्रेसलॉ. एकाच नाटक कंपनीने दर हंगामाला नवं नाटक लावावं तसा हा प्रकार.

सुरुवातीचे सहा नॉर्मन हुडिसने लिहिले. ते संस्थांवरचे आहेत : लष्कर, इस्पितळ, शाळा, पोलीस ठाणं. का, ते त्या काळाकडे पाहिलं की कळतं. युद्धानंतर प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी चाकरी होती, ती भरती १९६०मध्ये थांबली. सरकारी आरोग्यसेवा १९४८ साली सुरू झाली होती. त्यामुळे सार्जंटचा आरडाओरडा आणि मेट्रनचा दरारा थिएटरात बसलेल्या जवळपास प्रत्येकाने घरच्या माणसाकडून तरी ऐकलेला होता. १९६३पासून टॅलबट रॉथवेल लिहायला लागला आणि मालिका विडंबनाकडे वळली. माझ्या मते खरी मजा तिथून.

पैशांच्या बाबतीत मात्र रॉजर्स पक्का. मुख्य नटांना एका चित्रपटाचे साधारण पाच हजार पौंड, नट्यांना त्याच्या जेमतेम निम्मे, आणि वर्षानुवर्षं वाढ नाही. चित्रीकरण सहा आठवड्यांत उरकायचं. १९६४च्या 'कॅरी ऑन क्लिओ'त रोमन थाट इतका भरजरी दिसतो, कारण एलिझाबेथ टेलरच्या 'क्लिओपात्रा'चं काम आधी पाइनवुडमध्ये सुरू झालं होतं. ते युनिट गाशा गुंडाळून रोमला गेलं आणि मागे राहिलेलं सामानसुमान यांनी वापरून घेतलं. वर पोस्टरही त्याच्याच पोस्टरच्या धर्तीवर काढलं, आणि त्यावरून कोर्टात खेचले गेले.

काटकसरीचा कळस १९६९च्या 'कॅरी ऑन कॅम्पिंग'मध्ये आहे. गोष्ट भर उन्हाळ्यातली, चित्रीकरण ऑक्टोबर-नोव्हेंबरातलं. पाइनवुडच्या बागेत चिखल झाला होता, म्हणून त्यावर चक्क हिरवा रंग फवारला. बिकिनीतला तो प्रसिद्ध व्यायामाचा प्रसंग बघताना बार्बरा विंडसरवरून नजर काढून मागची झाडं बघा.

तिसांतले कोणते बघायचे? 'क्लिओ', 'स्क्रीमिंग' (१९६६) आणि 'अप द खायबर' (१९६८). 'स्क्रीमिंग'मध्ये हॅमर कंपनीच्या भयपटांची टर उडवलीय आणि फेनेला फील्डिंगचा आवाज ऐकण्यासाठी तो दोनदा बघितला तरी हरकत नाही. ती तलम आवाजात 'मी धूम्रपान केलं तर चालेल ना?' असं विचारते आणि मग तिच्या अंगातूनच धूर यायला लागतो. एवढे तीन आवडले तर पुढे जा. नाही आवडले तर उरलेले सत्तावीस आवडणार नाहीत.

हे सगळं दादा कोंडकेंसारखंच द्वयर्थी आहे ना?

जात एकच, पण पोत वेगळा. दादांच्या नायकाला आपण काय बोलतोय हे कळतच नाही, असा त्याचा आव असतो. भोळसट चेहरा, ढगळ चड्डी, आणि शेवटी शहाण्यासुरत्यांची फजिती करणारा तोच. 'कॅरी ऑन'मधल्या सिड जेम्सला सगळं कळतं. त्याचं ते गडगडाटी, घाणेरडं हसू म्हणजेच अर्थ पोचल्याची पावती. आणि जिंकत तोही नाही. शेवटी हॅटी जॅक्सची मेट्रन नाहीतर त्याची बायको त्याला वठणीवर आणते.

मूळ दोन्हीकडे लोकरंजनात आहे. आपल्याकडे तमाशाचा वग आणि सोंगाड्या, तिकडे म्युझिक हॉल आणि समुद्रकिनाऱ्यावर विकली जाणारी चावट पोस्टकार्डं. ती पोस्टकार्डं काढणाऱ्या डॉनल्ड मॅकगिलवर १९५४मध्ये लिंकन शहरात अश्लीलतेचा खटला भरला होता. त्यानंतर दहा वर्षांत तीच पोस्टकार्डं पडद्यावर हलायला लागली आणि अख्खी कुटुंबं ती बघायला गेली. सेन्सॉरशी घासाघीस दादांनाही चुकली नाही, यांनाही नाही. आणि द्वयर्थी विनोदाला सेन्सॉर लागतोच. सत्तरच्या दशकात बंधनं सैल झाली, सगळं उघडं बोलता यायला लागलं आणि 'कॅरी ऑन'ची गंमत गेली.

केनेथ विल्यम्स असा का वागतो? नाकपुड्या फुगवणं, किंचाळणं, बायकी हावभाव?

कारण त्याला ते जमत होतं आणि लोकांना हवं होतं. पण यामागे एक कडवट गोष्ट आहे. इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांचे समलिंगी संबंध १९६७पर्यंत गुन्हा होते. विल्यम्स आणि चार्ल्स हॉट्री दोघेही समलिंगी. जे वागणं रस्त्यावर तुरुंगात नेऊ शकलं असतं, त्याच वागण्याला थिएटरात टाळ्या पडत होत्या. त्याच काळात 'राउंड द हॉर्न' या बीबीसी रेडिओच्या कार्यक्रमात विल्यम्स आणि ह्यू पॅडिक 'पोलारी'त, म्हणजे समलिंगी मंडळींच्या गुप्त बोलीत, धडधडीत बोलायचे. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर रेडिओ ऐकणाऱ्या देशाला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, आणि कळणारे गप्प बसून हसत होते.

तमाशातल्या मावशीला आपण हसतो तेव्हा हसण्याचा रोख मावशीकडे असतो की तिच्यासमोर बावचळलेल्या पेंद्याकडे? विल्यम्सला बघताना हाच प्रश्न स्वतःला विचारा. 'क्लिओ'तला त्याचा सीझर भेकड, सर्दीने बेजार आणि कायम कोणीतरी आपल्या जिवावर उठलंय या धास्तीत आहे. त्यात बायकीपणाची थट्टा फारशी नाहीच. सत्ताधीशाची आहे. विल्यम्सच्या रोजनिश्या पुढे छापून आल्या. त्या वाचल्या तर या माणसाने इतकं हसवलं कसं, हा प्रश्न पडतो.

'अप द खायबर'मध्ये आपलीच टिंगल आहे. मग का बघायचा?

टिंगल आहे हे खरं. १८९५ची वायव्य सरहद्द, केनेथ विल्यम्स संस्थानिक, बर्नार्ड ब्रेसलॉ पठाण सरदार, दोघेही तोंडाला रंग फासून. महत्त्वाच्या भूमिकांत एकही भारतीय चेहरा नाही. खैबर खिंड म्हणून दिसते ती वेल्समधली स्नोडोनिया. चित्रपट आला १९६८मध्ये. त्याच वर्षी एनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं, आणि त्याच वर्षी केनियातून येणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांना रोखणारा कायदा पार्लमेंटने घाईघाईने मंजूर केला. लंडनच्या एखाद्या थिएटरात त्या वर्षी हा चित्रपट बघणाऱ्या गुजराती किंवा पंजाबी माणसाच्या कानात ते हसणं कसं वाजलं असेल, हे विसरून बघू नका.

आणि तरीही शेवटची वीस मिनिटं बघाच. बंडखोरांनी गव्हर्नरच्या बंगल्याला वेढा घातलाय. आत गव्हर्नर सर सिडनी रफ-डायमंड यांनी ठरवलंय की रात्रीचं जेवण नेहमीसारखंच होईल. बाहेर तोफा डागल्या जातायत, छताचा गिलावा पानात पडतोय, झुंबर हादरतंय, वाद्यवृंदातले लोक वाजवता वाजवता जखमी होतायत आणि टेबलावरची मंडळी हवापाण्याच्या गप्पा मारत एकमेकांकडे पदार्थ सरकवतायत. जोन सिम्सच्या केसांत चुन्याचा ढीग पडतो, ती हसून वेळ मारून नेते. घाबरलेला एकच : पीटर बटरवर्थने केलेला मिशनरी. तो टेबलाखाली घुसू बघतो आणि बाकीचे त्याच्याकडे असे बघतात की याला काही रीतभात आहे की नाही. साम्राज्य म्हणजे काय होतं आणि ते कसं गेलं, हे कुठल्या गंभीर ब्रिटिश चित्रपटाने इतक्या थोडक्यात सांगितल्याचं मला आठवत नाही. भारतीयांना त्यांनी रंगवलं वाईटच, पण या टेबलावर त्यांनी स्वतःला सोडलेलं नाही.

पीटर सेलर्सचा 'द पार्टी' यादीत का नाही?

एक तर तो अमेरिकी चित्रपट. दुसरं म्हणजे इंग्रज सेलर्स त्यात भारतीय झालाय, आणि त्या हृंडी बक्षीच्या नावापासूनच मला कंटाळा येतो. गाजलेले शारीरिक विनोद चांगले आहेत, नाही म्हणत नाही.

सेलर्सचा भारतीय सुरू झाला तो १९६०च्या 'द मिलियनेअरेस'मध्ये, सोफिया लॉरेनसमोर. युद्धकाळात हवाई दलात असताना सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकाबरोबर तो भारतात येऊन गेला होता. ते हेल त्याने तेव्हाच टिपलेले. त्या चित्रपटाच्या निमित्ताने निघालेल्या 'गुडनेस ग्रेशस मी' या गाण्याची ध्वनिमुद्रिका जॉर्ज मार्टिनने केली, तोच पुढे बीटल्सचा निर्माता झाला. गाणं तुफान चाललं आणि तिकडच्या शाळांमधल्या भारतीय पोरांना पुढची कित्येक वर्षं त्याच हेलात चिडवलं गेलं. त्याच पिढीतल्या ब्रिटिश-आशियाई कलाकारांनी नव्वदच्या दशकात बीबीसीवर स्वतःचा विनोदी कार्यक्रम काढला आणि त्याला नाव दिलं, 'गुडनेस ग्रेशस मी'. ही परतफेड मला फार आवडते.

सेलर्स बघायचा तर 'आय ॲम ऑल राइट जॅक'मध्ये. कारखान्यातला कामगार पुढारी फ्रेड काइट. अखूड मिशी, कोट अंगात ताठ बसलेला, चाल कवायतीची, आणि तोंडी नियमावलीची भाषा, तीही व्याकरणाचे हातपाय मोडून. रशियाबद्दल बोलताना त्याचे डोळे पाणावतात : दिवसा गव्हाची शेतं आणि संध्याकाळी बॅले! कथा अशी, की एक सुखवस्तू घरातला बावळट पदवीधर कारखान्यात लागतो आणि भाबडेपणाने भराभर काम करून दाखवतो. झालं, कामगार संपावर. मालकांनाही आतून तोच संप हवा असतो, कारण त्यात त्यांचा पैसा अडकलेला आहे. काइटवर हसताना चित्रपट मालकांनाही मोकळं सोडत नाही. गिरणगावच्या गेटसभा ज्यांनी ऐकल्यात त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल. सेलर्सला म्हणे पटकथेत विनोद सापडतच नव्हता. पोशाख घालून चाचणीला उभा राहिला, युनिट हसायला लागलं, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. या भूमिकेला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला.

यात महाराष्ट्राचा काही संबंध?

आहे, आणि चांगलाच आहे. या सगळ्या वेडेपणाचा उगम ज्याच्या डोक्यात झाला तो स्पाइक मिलिगन १९१८ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मला. वडील आयरिश, ब्रिटिश सैन्यात तोफखान्यात. पोराचं लहानपण पुण्यात गेलं, शाळाही तिथल्याच कॉन्व्हेंटमध्ये. मग रंगून, आणि तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड.

१९५१ ते १९६० बीबीसी रेडिओवर चाललेला 'द गून शो' बहुतेक त्यानेच लिहिला. सेलर्स आणि हॅरी सीकम हे जोडीदार. त्यात लालकाका आणि बॅनर्जी नावाचे दोन म्हातारे अधूनमधून अवतरतात आणि मूळ विषय बाजूला ठेवून आपसातच वाद घालत बसतात. कॅन्टोन्मेंटच्या व्हरांड्यात ऐकलेलं काहीतरी त्यात नक्की आहे.

सिनेमाशी दुवा असा : १९५९मध्ये सेलर्सने घेतलेल्या नव्या कॅमेऱ्यावर या टोळक्याने दिग्दर्शक रिचर्ड लेस्टरबरोबर एका माळावर अकरा मिनिटांचा लघुपट केला. खर्च सुमारे सत्तर पौंड. 'द रनिंग जंपिंग अँड स्टँडिंग स्टिल फिल्म' हे त्याचं नाव. एक माणूस लांबून हाक मारून दुसऱ्याला जवळ बोलावतो, तो धापा टाकत येतो, आणि बोलावणारा त्याला एक ठोसा लगावतो. असंच सगळं. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, तो बीटल्सना बेहद्द आवडला आणि म्हणून त्यांचा 'अ हार्ड डेज नाइट' (१९६४) लेस्टरकडे आला. मैदानात चौघांनी घातलेला धुडगूस आठवा, तो त्या माळावरूनच आलाय.

मिलिगनच्या नाटकावरून लेस्टरनेच १९६९मध्ये 'द बेड सिटिंग रूम' केला. अणुयुद्ध दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंदांत, तहावर सही करण्याच्या वेळेसकट उरकलंय, मूठभर माणसं उरलीत आणि त्यातल्या एका लॉर्डचं हळूहळू भाड्याच्या खोलीत रूपांतर होतंय. हा चित्रपट पहिल्यांदा बघणाऱ्याने बघू नये. गाडी रुळावर आल्यावर बघा. मिलिगन २००२ साली गेला. 'मी आजारी आहे असं तुम्हाला सांगितलं होतं' हे त्याच्या थडग्यावर लिहिलंय, पण आयरिश भाषेत, कारण चर्चला इंग्रजीत ते नको होतं.

बोलणं समजत नाही. काय करू?

इंग्रजी सबटायटल्स लावा, लाज कसली. नंतर हळूहळू उच्चार ओळखू यायला लागतात : पूर्व लंडनचा कॉकनी, उत्तरेचा रुंद, वरच्या वर्गाचा घशातला. मग कोणी उच्चार बदलून बोलायला लागला की हसू आधी येतं, वाक्य नंतर कळतं. नागपूरकर पुण्यात येऊन सदाशिव पेठी बोलायला लागला तर आपल्यालाही लगेच कळतंच की.

थोडी जुजबी माहितीही हाताशी असू द्या. १९७१पर्यंत तिकडे बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड होता. पोस्टरवर 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ए' म्हणजे मुलांनी मोठ्यांबरोबर, 'एक्स' म्हणजे मोठ्यांसाठीच. ब्रिटनमधल्या नातेवाइकांकडून डीव्हीडी मागवत असाल तर ती रीजन दोनची असते, आपली पाचची, तेव्हा आधी प्लेअर तपासा. आणि त्या जुन्या डीव्हीड्या सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटींनी चालतात, त्यामुळे नव्वद मिनिटांचा चित्रपट सुमारे शहाऐंशी मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं.

नॉर्मन विस्डम?

या विनोदी नटाशी माझं जमत नाही. अखूड कोट, तिरपी टोपी, सारखं पडणं आणि लगेच डोळ्यांत पाणी. पण 'अ स्टिच इन टाइम' (१९६३) लहान मुलं पोट धरधरून बघतात. मजेची गोष्ट म्हणजे अल्बानियात एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीत चालू दिलेल्या मोजक्या पाश्चात्त्य चित्रपटांत याचे होते. मालकाकडून मार खाणारा गरीब नोकर त्यांना सोयीचा वाटला असणार. म्हातारपणी तो तिकडे गेला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

नुसतं हसवणारे नकोत. डोक्याला काही खाद्य देणारा सांगा.

'बिडॅझल्ड' (१९६७). पीटर कुक आणि डडली मूर. मूर एका बर्गरच्या दुकानातला आचारी, कुक सैतान. आत्म्याच्या बदल्यात सात इच्छा. हा सैतान मोठाली पापं करत नाही. तो रहस्यकथांची शेवटची पानं फाडतो, नव्या ध्वनिमुद्रिकांवर ओरखडे काढतो, म्हाताऱ्या बायकांना उगाच फोन करतो. सरकारी नोकरीसारखं कंटाळत, पण रोजच्या रोज.

एका ठिकाणी मूर विचारतो, तू देवाशी बंड का केलंस? कुक लाल पोस्टाच्या पेटीवर चढून बसतो आणि म्हणतो, मी देव, तू देवदूत, चल, माझ्याभोवती नाच आणि माझी स्तुती कर. मूर बिचारा नाचतो, गातो, तू किती थोर, तू किती सुंदर. थोड्या वेळाने दमून म्हणतो, कंटाळा आला, आता आपण जागा बदलूया का? कुक म्हणतो, मलाही अगदी हेच वाटलं होतं. धर्मशास्त्रावरचं याहून सुटसुटीत प्रवचन मी ऐकलेलं नाही.

दुसरा 'बिली लायर' (१९६३). उत्तर इंग्लंडमधल्या गावातला, अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणाऱ्या कचेरीत कारकुनी करणारा, थापा मारणारा तरुण. हसत हसत सुरू होतो आणि शेवटी स्टेशनवर येऊन थांबतो. ज्युली क्रिस्टी पर्स हलवत रस्त्याने नुसती चालत जाते ते दृश्य बघा. पुढचं सांगत नाही.

बायकांबद्दलचे विनोद आज बघवत नाहीत, त्याचं काय?

बघवत नसतील तर बघू नका, ऋण नाही कोणाचं. लेस्टरच्याच 'द नॅक'ला १९६५ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. रीटा टशिंगहॅम त्यात अप्रतिम आहे. पण त्यातला शेवटचा बराच भाग बलात्कार या शब्दाभोवती विनोद म्हणून फिरवलाय. मी तो कोणाला दाखवत नाही. 'कॅरी ऑन'मध्ये हे त्या मानाने सुसह्य, कारण पाठलाग करणारा पुरुषच हास्यास्पद ठरतो. तरी 'कॅम्पिंग'मध्ये पन्नाशी उलटलेला सिड जेम्स शाळकरी मुलींवर नजर ठेवून असतो, तिथे काळ वेगळा होता म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

मुलांबरोबर कोणता बघू?

'दोज मॅग्निफिसंट मेन इन देअर फ्लाइंग मशीन्स' (१९६५). १९१०ची लंडन ते पॅरिस विमानशर्यत. त्यातली कितीतरी विमानं जुन्या आराखड्यांवरून बांधून खरोखर उडवली होती. 'डेमॉइझेल' नावाचं चिमुकलं विमान पुरुष वैमानिकांच्या वजनाने उडेचना, तेव्हा युद्धकाळात विमानं पोचवण्याचं काम केलेल्या जोन ह्यूज यांनी ते उडवलं. राष्ट्राराष्ट्रांचे साचे त्यातही आहेत. पण वात्रटपणात टेरी-थॉमसचा सर पर्सी सगळ्यांच्या वरचढ, म्हणजे पुन्हा इंग्रजच.

हे सगळं बंद का पडलं?

पैसा अमेरिकेचा होता. 'टॉम जोन्स' (१९६३) युनायटेड आर्टिस्ट्सच्या पैशांवर झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर घेऊन आला. मग हॉलिवूडच्या कंपन्यांनी लंडनमध्ये तंबूच ठोकले. दशकाच्या शेवटी त्याच कंपन्या घरी तोट्यात आल्या आणि त्यांनी तंबू उचलले. विनोदी लेखक आधीच टीव्हीकडे वळले होते. 'मॉन्टी पायथन' १९६९च्या ऑक्टोबरात सुरू झालं. सत्तरच्या दशकात ब्रिटिश थिएटरात चालले ते टीव्ही मालिकांचे ताणलेले चित्रपट. 'ऑन द बसेस'सारखे. त्यांच्यावर वेगळे प्रश्न कोणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे.

'द इटालियन जॉब'चा शेवट असा अर्धवट का? माझ्या कॉपीत काही कापलंय का?

नाही, तो तसाच आहे. आल्प्सच्या कड्यावर बस अर्धी बाहेर लोंबकळतेय, मागच्या टोकाला सोनं, पुढच्या टोकाला माणसं, आणि मायकल केन म्हणतो, थांबा पोरांनो, मला एक झकास कल्पना सुचलीय. संपलं. पुढे २००८मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने खरोखर स्पर्धा लावली : सोनं आणि माणसं दोन्ही वाचवा, हेलिकॉप्टर वापरायचं नाही. जिंकलेल्या उत्तरात बसच्या काचा फोडणं, पुढच्या चाकांची हवा सोडणं आणि टाकीतलं इंधन काढून टाकणं होतं. केनची कल्पना निराळी होती. गाडीचं इंजिन चालू ठेवून सगळं इंधन संपू द्यायचं, असं त्यानेच त्या सुमारास सांगितलं.